नऊ दिवस बिनानावाची

आईचं नाव कुणाच्या मुलीला मिळणार यावरून बहीणभावात जुंपली, तेव्हा दोन्ही बाळं अजून पोटातच होती. मुलीच होतील याची तरी खात्री कुठे होती! थोरलीला सहावा महिना लागला होता आणि धाकट्याच्या बायकोला सातवा. पण भांडायचंच म्हटलं की माणसाला एवढ्या तपशिलाची गरज पडत नाही.

वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. वडील लवकर गेले, आणि आईनं तीस वर्षं ते एकटीनं चालवलं. काटा कुठलाही असो, आई त्याच्यापुढे बसली की तो खरं बोलू लागायचा, अशी तिची ख्याती. घरातही तोच कारभार. केकचा तुकडा असो नाहीतर संत्र्याच्या फोडी, दोघांचे वाटे सोनाराच्या काट्यावर तोलून निघायचे. ‘तू मोठी आहेस, समजून घे’ हे वाक्य थोरलीनं लहानपणी दुसऱ्यांच्या घरी ऐकलं, स्वतःच्या घरी कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दुकान दोघांच्या नावावर, टेबल एकच, अवजारं सामाईक. कधी कुरबुर झाली नाही. आणि मग एका दुपारी पार्सल तोलायच्या काट्याचा स्क्रू आवळता आवळता धाकटा सहज बोलून गेला.

“मुलगी झाली तर आईचं नाव ठेवायचं ठरवलंय आम्ही.”

थोरलीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. “कुणाचं?”

“आईचं.”

“ते नाव माझ्या मुलीचं आहे. आईनं मला सांगितलं होतं, शेवटच्या आठवड्यात.”

“मलाही सांगितलं होतं.”

“खोटं बोलू नकोस.”

“खोटं मी कशाला बोलू, ताई? तूच आत्ता ऐनवेळी काढलंयस.”

ऐनवेळी! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं तिनं मूल व्हायची वाट पाहिली होती. दवाखाने झाले, औषधं झाली, लोकांची कीव झाली, आणि आशा सोडल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी, हे दिवस आले होते. आई गेल्यापासून तिच्याजवळ मुलीचं म्हणून एकच काय ते होतं, आणि ते म्हणजे हे नाव. ते तिनं कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आणि आता हा लग्नाला दीड वर्ष झालेला भाऊ स्क्रू आवळता आवळता ते उचलून नेत होता.

“तू ते नाव ठेवलंस ना,” ती म्हणाली, “तर तुझ्या मुलीचं तोंड पाहणार नाही मी.”

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण सुटलेला शब्द काही परत घेता येईना, आणि खरं सांगायचं तर तेव्हा घ्यायचाही नव्हता.

त्या दिवसापासून अबोला. आता एका टेबलावर बसून अबोला धरणं म्हणजे काय कसरत असते, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. गिऱ्हाइकाचा निरोप द्यायचा तर चिठ्ठी. बारीक स्क्रूड्रायव्हर हवा तर चिठ्ठी. ‘भाजीवाल्याचा काटा झाला का?’ ‘झाला.’ टेबलाच्या मधोमध चिठ्ठ्यांचा ढीग साचला. दोघांनाही हसू यायचं आणि दोघंही ते गिळायची. घरी तिच्या गणित शिकवणाऱ्या नवऱ्यानं एकदा समजुतीचा सूर लावून पाहिला. “अगं, नावांच्या पुस्तकात वीस हजार नावं आहेत.” ती म्हणाली, “मग एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णव त्याला दे.” नवरा वजाबाकी बरोबर आहे एवढंच म्हणाला आणि गप्प जेवला.

तीन आठवडे असे गेले. एके दिवशी सकाळी थोरली दुकानात आली तर धाकटा नव्हता. टेबलावर चिठ्ठी होती. ‘मुलगी. काल संध्याकाळी. फार लवकर झाली. दवाखान्यात आहे.’

पुढे काही नव्हतं. ती धावतच दवाखान्यात गेली, पण नवजात बाळांच्या विभागात आईबापांखेरीज कुणाला सोडत नव्हते. भावजय वरच्या मजल्यावर औषधाच्या गुंगीत होती. धाकटा जिन्यात भेटला, डोळे सुजलेले. “कशी आहे?” तिनं विचारलं. “आहे,” तो म्हणाला. नाव काय ठेवलं, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. ठेवलंच असणार, असं ती धरून चालली, आणि त्याही स्थितीत तिच्या मनात एक बारीक कळ उठली. स्वतःच्या त्या कळेची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

नवव्या दिवशी दवाखान्यातूनच दुकानात फोन आला. बाळांच्या विभागातला काटा तपासून हवा होता, आणि तो ताबडतोब. त्या काट्याची देखभाल आईच्या काळापासून त्यांच्याकडेच होती. थोरलीनं प्रमाण वजनांची पेटी उचलली आणि पोट सांभाळत निघाली.

विभागाच्या दाराशी तिला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, निळा अंगरखा चढवला. आत गरम होतं, उजेड मंद होता आणि इतकी शांतता होती की बारीक यंत्रांची पीं-पीं तेवढी ऐकू यावी. भिंतीलगत काचेच्या सहा पेट्या होत्या. तिनं मुद्दामच त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपण कामाला आलो आहोत, असं स्वतःला बजावून ती थेट काट्यापाशी गेली.

“काल एका बाळाचं वजन वीस ग्रॅम वाढलेलं दिसलं,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, घाई ठाऊक नसलेल्या बाई. “डॉक्टर म्हणतात, वीस ग्रॅम खरे असतील तर दूध वाढवू. काटा चुकत असेल तर मात्र नाही. बाळ रोज उतरतच होतं हो. पहिल्यांदाच वर आलंय.”

वीस ग्रॅम. थोरलीनं आयुष्यभर ग्रॅम मोजले होते. गिऱ्हाइकं वीस ग्रॅमवरून हुज्जत घालायची तेव्हा ती मनात हसायची. आज तिला हसू आलं नाही.

तिनं काटा आधी पातळीत आणला, शून्यावर सोडला. हातमोजे घालून चिमट्यानं वजनं ठेवू लागली, आधी मधोमध, मग चारी कोपऱ्यांवर. पाचशे. हजार. परत पाचशे. दहा. पाच. आकडा जिथे यायला हवा तिथेच येऊन थांबत होता. तरी तिनं सगळं पुन्हा एकदा केलं. इतक्या मन लावून तिनं दागिन्यांचे काटेही तपासले नव्हते.

“काटा बरोबर आहे,” ती म्हणाली. “वीस ग्रॅम खरे आहेत.”

सिस्टरनी डोळे मिटले आणि उघडले. “देव पावला. मग आजचं वजनही आत्ताच करते, तुमच्यासमोर. चला चार नंबर, या बाहेर.”

“चार नंबर?”

“काय करणार? बाकीच्या पाचांना नावं आहेत. आम्ही दिवसभर त्यांच्याशी नावानं बोलतो, त्यांना आवाज कळतो. हिला नऊ दिवस झाले तरी नाव नाही. बापाला रोज विचारते. उद्या सांगतो म्हणतो.”

थोरलीनं पेटीवरचं कार्ड पाहिलं. वडिलांच्या रकान्यात तिच्या भावाचं नाव होतं. बाळाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

सिस्टरनी नळ्या सांभाळत दोन्ही तळव्यांत तिला उचललं आणि काट्यावरच्या मऊ कापडावर ठेवलं. थोरलीनं वाकून पाहिलं. एवढं लहान माणूस असतं? आणि एवढं पुरं? तिला वाटलं होतं काहीतरी अर्धवट, काहीतरी व्हायचं राहिलेलं दिसेल. पण तिथे भुवया होत्या. कपाळाला आठी होती, कुणीतरी झोपमोड केल्यासारखी. कान होते, कागदाच्या घडीइतके पातळ. आणि नखं! दहाही बोटांना नखं, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, आणि प्रत्येक नखाला त्याची कड. छातीवरची कातडी इतकी विरळ होती की आत चाललेली धडधड डोळ्यांना दिसत होती. कुणी शिकवलं होतं तिला हे? कुणी सांगितलं होतं की थांबायचं नाही?

आकडा हलला, डळमळला आणि थांबला. नऊशे साठ.

“आणखी वीस!” सिस्टर म्हणाल्या.

थोरलीनं आजवर हजारो काट्यांवर हजारो आकडे पाहिले होते. एखाद्या आकड्यापुढे हात जोडावेसे वाटतील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्या पोटातलं बाळ त्याच वेळी आतून ढुशी देऊन गेलं. आतलं हे नि बाहेरचं ते, मधे फक्त तिची कातडी.

बाळ परत पेटीत गेलं. तेवढ्यात धाकटा आला. त्याची भेटीची वेळ झाली होती. बहिणीला तिथे पाहून तो दारातच थबकला.

“नऊशे साठ,” थोरली म्हणाली. जिन्यातला एक प्रश्न सोडला, तर महिनाभरानंतरचा तो तिचा पहिला धड शब्द. “काटा मी तपासलाय. खरे आहेत.”

तो भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा बाहीनं डोळे पुसू लागला.

“नाव का नाही ठेवलंस?” तिनं विचारलं. “माझ्या बोलण्यावर गेलास? अरे, रागात माणूस वाट्टेल ते बोलतं.”

“त्यामुळे नाही.”

“मग?”

तो पेटीजवळ सरकला. मग पेटीकडे पाहत, हळूच म्हणाला, “पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. मी म्हटलं, आईचं नाव हिला दिलं आणि ही... ही राहिली नाही, तर? मग तुझ्या मुलीला ते कसं ठेवशील तू? ठेववलं असतं तुला? म्हणून म्हटलं, मोकळं राहू दे. तुझ्यासाठी.”

थोरलीनं कार्डावरच्या त्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं.

“आणि ताई, खोटं नव्हतो गं बोलत मी,” तो म्हणाला. “आईनं खरंच सांगितलं होतं. तू औषध आणायला खाली गेली होतीस तेव्हा. मुलगी झाली तर माझं नाव ठेव, म्हणाली. आणि म्हणाली, ताईला सांगू नकोस.”

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. ‘धाकट्याला सांगू नकोस.’ आईनं तिच्या कानाशी हेच म्हटलं होतं, आणि ते तिनं या जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. कसं सुचलं नाही आपल्याला? लहानपणी खाऊचे वाटे तोलून झाले की आई दोघांना एकेकटं गाठून मुठीत आणखी एक गोळी द्यायची. त्याला सांगू नकोस. तिला सांगू नकोस. दोघंही कित्येक वर्षं आपणच लाडके, या तोऱ्यात वावरली होती. आणि जाता जाता बाईनं पुन्हा तेच केलं! तोलून निम्मं करता येईना, तर दोघांनाही अख्खंच देऊन टाकलं.

“मलाही तेच म्हणाली,” थोरली म्हणाली. “धाकट्याला सांगू नकोस.”

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. दोघं त्या शांत खोलीत तोंडावर हात दाबून हसली, रडली, आणि सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं तशी गप्प झाली.

“हिचं ठेव,” थोरली म्हणाली. “आजच. आत्ता. उद्याचं काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही नि आपल्यालाही नाही. पण बिनानावाची एक मिनिट राहायची नाही ही.”

“आणि तुझी?”

“मुलगी झाली तर तिचंही तेच. एका घरात दोघी असल्या तर काय बिघडलं? आईनंच दिलंय, दोनदा.”

तिनं हात पुन्हा धुतले. सिस्टरनी पेटीची गोल खिडकी उघडून दिली. थोरलीनं जपून हात आत घातला. तिनं आपलं एक बोट त्या तळव्याला लावलं, आणि ती एवढीशी मूठ त्याच्या टोकावर मिटली. धरलं म्हणण्यासारखं धरलं.

आम्ही त्यांच्याशी नावानं बोलतो, सिस्टर म्हणाल्या होत्या. थोरलीनं तोंड उघडलं आणि तिला कळलं की आवाज निघत नाहीये. ते नाव तिनं अर्जांवर लिहिलं होतं, दाखल्यांवर वाचलं होतं, लोकांना सांगितलं होतं. पण त्या नावानं हाक अशी तिनं जन्मात मारली नव्हती. आईला कोण नावानं हाक मारतं?

तिनं हाक मारली. हळू, मग जरा मोठ्यानं. कपाळावरची ती आठी सुटली आणि एक डोळा किलकिला उघडला.

“मी मारू?” धाकट्यानं विचारलं. परवानगी मागावी तसं.

“मार की. तुझीच आहे.”

त्यानंही मारली. आईचं नाव घेऊन दोघं भावंडं आळीपाळीनं हाका मारत उभी राहिली. नावानं हाक मारता होय रे, म्हणून रागवायला आई नव्हती. ऐकायला मात्र होती.