बिनघोड्यांचा रथ

नवरा गेल्यावर फ्रेमचं दुकान काकूंनीच चालवायला घेतलं, त्याला दोन वर्षं झाली. काच कापायला हात सरावला, पण बोलायची सवय मोडली. गिऱ्हाईक विचारायचं, "कधी मिळेल?" त्या म्हणायच्या, "गुरुवारी." दिवसभराचं बोलणं तेवढंच.

एका सकाळी एक निवृत्त ग्रंथपाल जुनं चित्र घेऊन आले. काकूंनी ते टेबलावर पसरलं आणि बघतच राहिल्या. पांढऱ्या लुगड्यातली, केस पिंजारलेली म्हातारी रथात बसली होती. हातात सूप, ध्वजावर कावळा. रथाला घोडे मात्र नव्हते.

"ही कोण हो?"

"धूमावती. विधवा देवी."

काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे देवीलाही सोडलं नाही?"

ग्रंथपाल जरा ओशाळले. "गोष्ट अशी सांगतात, तिला भूक अनावर झाली. शंकराकडे मागून मागून थकली आणि शेवटी त्यालाच गिळून बसली. तिच्या अंगातून धूर निघू लागला. बाहेर आल्यावर त्याने शाप दिला, आता विधवा म्हणूनच राहा."

"भुकेल्या बाईला शाप! त्यापेक्षा वेळेवर वाढलं असतं तर?"

ते खळखळून हसले. काकूंनाही हसू फुटलं. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"आणि घोडे?"

"तिला कुठे जायचंच नाही. पण सूप बघा, फोल उडतं, दाणा राहतो. आणि हा दुसरा हात वरदान देणारा आहे."

ठरल्या दिवशी ते आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. काकूंनी फोन लावला, तेव्हा कळलं, घसरून त्यांचा पाय मोडलाय. भरदुपारी दुकान बंद करून त्या चित्र घेऊन त्यांच्या घरी निघाल्या.

घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर एकच ताट, एकच पेला. बाकी भिंती चित्रांनी गच्च. दारासमोर एवढी एक जागा शिल्लक होती. काकूंनी तिथे खिळा ठोकला.

"मुलगी म्हणते, असलं अपशकुनी घरात नको," ते म्हणाले. "मला तर हिची सोबत वाटते."

काकूंनी चित्र जरा सरळ केलं. चहा झाला. त्यांनी पिशवी उचलली, तसे ते घाईघाईने म्हणाले, "अजून एक चित्र आहे, फ्रेम करायचं."

काकूंनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. तिळभर जागा उरली नव्हती.

"दाखवा की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीत टेकल्या.