होज पाइपावरची म्हातारी

अग्निशमन केंद्रामागच्या शेडमध्ये फाटक्या होज पाइपांना ठिगळं लावण्यात वहिनीची उभी हयात गेली होती. दाबाच्या चाचणीत टिकला तो पाइप गाडीवर, फुटला तो भंगारात. म्हणून नणंदेनं फोनवर, "वहिनी, भंगारातले लांब पाइप मिळतील का गं? माकडांना हवेत," असं विचारलं तेव्हा तिला हसूच फुटलं.

नणंदेला घरात सगळे शेपटी म्हणत, कारण लहानपणी ती भावाची पाठ सोडत नसे. मोठेपणी तिनं जंगलातल्या माकडांची पाठ धरली. काळं तोंड, भोवती करडी आयाळ असलेली ही माकडं जगात थोडीच उरली होती. "माकडांच्या नादी लागून पोरीनं आयुष्याचं माकड केलं," असं वहिनी नवऱ्यापाशी कुरकुरायची. पण शेपटीनं शब्द टाकल्यावर तिनं साहेबांची परवानगी काढली, दोन पाइपांमध्ये आडव्या पट्ट्या शिवून लांबलचक शिडी केली आणि स्वतःच घेऊन गेली. आपली शिवण दुसऱ्याच्या भरवशावर सोडेल तर ती वहिनी कसली!

जंगलाच्या मधोमध नवा रस्ता गेला होता. अलीकडे माकडं अडकली होती आणि फळांनी लगडलेली झाडं पलीकडे.

"मग उतरून जावं की चार पावलं," वहिनी म्हणाली.

"तिथंच तर गोम आहे. यांचा जन्म झाडावर, मरणही झाडावर. पाणीसुद्धा ढोलीतलं पितात. जमिनीवर आली की पार गांगरतात. मागे एक आई पिल्लाला पोटाशी धरून उतरली, तेवढ्यात ट्रक..." शेपटीनं रस्त्याकडे बोट केलं. "एका मादीला दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू होतं गं."

वहिनी पाइपांची वेटोळी सोडवू लागली.

झाडांवर चढण्यात तरबेज अशा गावातल्या दोघांनी रस्त्यावरून उंच पूल बांधून दिला, पण माकडांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दोघी दुर्बीण घेऊन दिवसभर बसून राहिल्या. बघता बघता वहिनीला त्यांचा संसार कळू लागला. फळं गालांच्या पिशव्यांत कोंबायची, दूर जाऊन सावकाश खायची आणि बिया थुंकायच्या.

"हे सगळे जंगलाचे माळी," शेपटी म्हणाली.

त्यांत एक विरळ केसांची म्हातारी होती. ती उठली की टोळी उठे, ती बसली की सगळे बसत.

"हुबेहूब सासूबाई!" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"आईला सांगू?"

"सांग. खोटं आहे का?"

पुढे एका तरण्या नरानं धाडस केलं. चार पट्ट्या ओलांडतो तोच हलका पूल पिळला आणि पठ्ठ्या खाली डोकं वर पाय! किंचाळत तो मागे पळाला, टोळीनंही आरडाओरडा करून रान डोक्यावर घेतलं. वहिनीला ती स्वतःचीच फजिती वाटली. पुलाला दोन्ही बाजूंनी दोरांचे ताण द्यायचे, असं दोघींनी ठरवलं. पूल उतरवला. वहिनीनं काठाला जागोजाग फासे शिवले, आणि या वेळी कमरेला पट्टे बांधून झाडावर चढली तीसुद्धा.

दुसऱ्या सकाळी म्हातारी आली. तिनं पाइप हुंगला, चावला, बाजारातला माल पारखावा तसा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. मग चालत मध्यावर गेली आणि तिथंच बसली. खालून लाकडांचा ट्रक धडधडत गेला. पूल थरथरला, म्हातारी जागची हलली नाही. मग एकेक माकड निघालं. कुणी तिच्या मागून, तर पोरंटोरं चक्क तिच्या अंगावरून गेली. पिल्लू असलेली एक आई अर्ध्यात थिजली. म्हातारी उठली, माघारी तिच्यापाशी आली, क्षणभर तिला बिलगून बसली आणि मग दर दोन पट्ट्यांना मागे वळून पाहत तिच्यापुढे चालू लागली.

वहिनीनं दुर्बीण खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

"आगीत सगळ्यांना काढून मग स्वतः निघतो, त्याला आमच्याकडे खरा जवान म्हणतात," ती म्हणाली. "हिला गं कुणी शिकवलं?"

शेपटी नुसतीच तिच्या खांद्याला टेकली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "गेली का माकडं पलीकडे?"

"गेली. थोरला नर तेवढा अलीकडे बसून हाका मारतोय. पुलाला हात लावायला तयार नाही."

"आणि तू कधी येतेस?"

"तो गेला की," वहिनी म्हणाली आणि तिनं दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.