बफिंगच्या मोटरीवर आलेला तांब्या

मित्रांनो, पनवेलच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एकवीस वर्षं फिरतेय मी. बफिंगची, म्हणजे धातू घासून चमकवणारी मोटर. फिरतेय म्हणजे एकाच जागी, गोल. प्रवास असा काही झाला नाही.

माझ्या दोन टोकांना दोन चाकं. डावीकडचं घायपाताच्या दोरीचं, खरखरीत. ते ओरखडे काढतं आणि थोडा धातूही खातं. उजवीकडचं सुती कापडाच्या थरांचं, मऊ; ते चमक आणतं. वस्तू चाकाच्या मध्याखाली धरायची, नाहीतर मी ती हिसकावून फेकते. मला चालवणाऱ्या कमरुद्दीनचाचांच्या हातांना हे सगळं पाठ आहे. कारखान्यांच्या किती स्टीलच्या नळ्यांचे आम्ही आरसे केले! कौतुक झालं ते नळ्यांचं. माझ्या वाट्याला काळी धूळ आली, आणि चाचांच्या वाट्याला माझा आवाज. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. ते कुणाला सांगत नाहीत, नुसती मान हलवतात. शेठला कळलं तर काम जाईल ना.

परवा खारघरहून इकडच्याच ज्यू घरातल्या इलानाबाई आल्या, पितळेचा काळवंडलेला तांब्या घेऊन. मी चालूच होते.

“चाचा, लेकीला द्यायचाय, इस्रायलला. चकचकीत करा. पण आईचं नाव कोरलंय बघा, तेवढं राहू द्या हं!”

चाचांनी मान हलवली. बाई बाहेर स्टुलावर जाऊन बसल्या.

मी ऐकलं होतं. पण मला फक्त फिरता येतं.

तांब्या डाव्या चाकाला लागला. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं मला टोचली, मग टोचेनाशी झाली. चाचांच्या अंगठ्याला काहीतरी जाणवलं. त्यांनी तांब्या झटकन मागे घेतला. ‘मोशे, पनवेल’ एवढंच उरलं होतं.

इलानाबाई आत आल्या. गुळगुळीत जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. “आईचंच गेलं होय? बाबा बरे राहिले!” हसायला गेल्या, पण डोळे भरून आले.

चाचा त्यांच्या ओठांकडे बघत होते. “बाई, तुम्ही सांगितलं असेल. मला ऐकू येत नाही. अल्लाची कसम, मुद्दाम नाही केलं.”

इतकी वर्षं लपवलेलं त्यांनी पहिल्यांदाच बोलून टाकलं.

बाईंनी हात लांब करून माझं बटण बंद केलं. मी लगेच थांबत नाही. गरगरत, कुरकुरत थांबले. मग त्या चाचांच्या जवळ जाऊन मोठ्याने म्हणाल्या, “झिल्पा! माझ्या आईचं नाव झिल्पा होतं.”

“झिल्पा,” चाचा म्हणाले. “आता आलं ऐकू.”

मित्रांनो, माझ्याशेजारी काम करणाऱ्याच्या मान हलवण्यावर जाऊ नका. जपण्यासारखं काही सांगायचं असेल, तर आधी मला बंद करा. तेवढीच मलाही विश्रांती.