घड्याळकाकांनी मला उघडलं तो रविवार

मी ड्राइव्हशाफ्ट बोलतोय. नाव ऐकून गोंधळू नका. ज्यांनी माझ्या जिवावर लाखभर किलोमीटर प्रवास केला, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. गाडीच्या पोटाखाली, पुढच्या डाव्या चाकाशी मी राहतो. दिसायला साधा पोलादी गज. माझं एक टोक गिअरबॉक्समध्ये आणि दुसरं चाकात. इंजिन वर कितीही गुरगुरू दे, चाक फिरवायचं काम माझंच. गाडी पुसणारी माणसं मात्र आरशापासून नंबरप्लेटपर्यंत सगळं लख्ख करतात आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांची कंबर दुखायला लागते.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक असताना मला ठोकून काढलं, मग लेथवर सोललं, टोकांना दाते पाडले आणि पुन्हा तापवून थंड केलं. माझ्याबरोबर उजव्या बाजूचा भाऊ निघाला. तो माझ्यापेक्षा लांब आहे आणि ही गोष्ट तो मला विसरू देत नाही. आम्हा दोघांच्याही टोकांना सांधे असतात. चाक वळलं की सांधा मनगटासारखा वळतो, आणि आम्ही न थांबता फिरत राहतो. चाकाकडच्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या, त्यांच्याभोवती ग्रीस आणि वरून रबराचं घड्याघड्यांचं आवरण. त्याला बूट म्हणतात. तो धड असेपर्यंत मला कसली भीती नाही.

माझा पहिला मालक विमा विकायचा. इतरांना अपघाताची भीती घालणाऱ्या त्या गृहस्थानं रस्त्यावरचा एकही खड्डा कधी सोडला नाही. मग गाडी विकली गेली आणि मला खरी मालकीण भेटली. ती नर्स होती. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन जखमा बांधायची, तान्ह्या बाळांची वजनं घ्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायची. रोज तोच घाटरस्ता, तीच नागमोडी वळणं. मला ते काम आवडायचं. चाक फिरवायचंच आहे तर कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढीच माझी हौस.

एके दिवशी माझा बूट फाटला. ग्रीस उडून गेलं, धूळ आत शिरली आणि प्रत्येक वळणावर मी कटकट करू लागलो. मालकिणीनं काय केलं असेल? रेडिओचा आवाज वाढवला. माणसांचा हा फार आवडता उपाय आहे. महिनाभर गाणी जोरात वाजली. शेवटी माझ्या कटकटीनं गाण्यांवरही मात केली, तेव्हा गॅरेजवाला बोलावला गेला.

तो फाटकाशी उकिडवा बसला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "अख्खा शाफ्ट बदलावा लागेल. मागवायला तीन आठवडे. तोवर गाडी डोंगरावर नेऊ नका. चढावर तुटला तर जागच्या जागी बसाल."

मालकिणीच्या तोंडचं पाणी पळालं. वर बस जात नव्हती आणि एका आजीच्या पायाची जखम दिवसाआड बांधायलाच हवी होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "नुसता सांधा मिळतो की दुकानात. मी बदलतो."

हे तिचे वडील. गल्लीत त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. मग त्यांचे हात कापायला लागले. माझा बूट फाटला त्याच्या दोन वर्षं आधी कुणाच्या तरी आजोबांचं जुनं घड्याळ उघडलं असताना केसाएवढी स्प्रिंग त्यांच्या चिमट्यातून निसटली, ती कायमची. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद केलं ते केलंच. घरातही मग एकेक गोष्ट त्यांच्या हातून गेली. चहा अर्धा कप मिळू लागला. बल्ब बदलायला शेजारी येऊ लागला. हे मला कसं कळलं म्हणाल, तर मायलेकी घरात जे बोलत नसत ते गाडीत बोलत. "तुझे बाबा अलीकडे हात खिशातच ठेवतात गं," असं आई एकदा चढावर म्हणाली.

"बाबा, हे घड्याळ नाहीये," मालकीण हळूच म्हणाली.

"माहीत आहे. घड्याळापेक्षा सोपं आहे. भाग किती कमी आहेत बघ ना."

"अहो, परवा तुमच्या हातून मीठ सांडलं," आई म्हणाली.

"सांडलं. पुसलं." एवढं बोलून ते सांध्याचा नवा संच आणायला निघून गेले. खरं सांगतो, मीही धास्तावलो होतो. त्यांचे हात चालले नाहीत तर मी अर्धवट सुटा पडणार होतो. आणि ते स्वतः पुन्हा कधी कशाला हात लावणार नाहीत, हे तर आईच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

रविवारी सकाळी अंगणात पांढरी चादर अंथरली गेली. तिच्यावर पेन्सिलीनं चौकोन आखले होते, प्रत्येक चौकोनाला नंबर. डोळ्याला भिंग लावून घड्याळकाका माझ्यापुढे बसले. गाडीच्या चाकाशी भिंग लावून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सुरुवात चाकाच्या मधल्या मोठ्या नटापासून. लेकीनं ब्रेक दाबून धरला, त्यांनी पाना लावला आणि पान्याच्या दांड्याला लांब पाइप जोडला. नट गंजलेला होता आणि त्यात मी हट्टी. एकदा जोर लावला, काही नाही. दुसऱ्यांदा सगळं वजन टाकलं आणि नट करकरत हलला.

आणि मला काहीतरी जाणवलं. पान्यातून येणारा त्यांच्या हातांचा कंप थांबला होता. त्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी पाना खाली ठेवला, रिकाम्या हाताकडे पाहिलं. हात कापत होता. पुन्हा पाना उचलला. हात स्थिर झाला. असं त्यांनी तीनदा करून पाहिलं. मग कुणाला काही न सांगता त्यांनी जॅक लावला, गाडी उचलली आणि तिच्याखाली टेकूच्या भक्कम लोखंडी घोड्या सरकवल्या.

त्यापुढे त्यांनी जो हात चालवला त्याला तोड नव्हती. चाक निघालं. खालचा जोड सुटला. कांबीचा एक नेमका हिसका बसला आणि मी गिअरबॉक्समधून बाहेर आलो. माझ्यामागून तेलाची धार लागली, तिच्यासाठी परात आधीच मांडून ठेवलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी आभाळ पाहिलं. मग आईचा चेहरा दिसला.

"ही चादर गेली," ती म्हणाली.

जुना सांधा हातोडीच्या चार ठोक्यांत सुटला. नव्या सांध्यातली एकेक गोळी घड्याळकाकांनी भिंगातून तपासली. कारखान्यात माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती. आता अडचण होती ती एका बारीक तारेच्या कडीची. ती माझ्या खाचेत बसवायची असते. चिमट्यात धरली तर हात कापायला लागला आणि कडी दोनदा उडाली. लेक पुढे झाली, तिला त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. चिमटा बाजूला ठेवून त्यांनी पेटीतली सर्वांत जड पक्कड उचलली. कडी पहिल्या झटक्यात खाचेत बसली.

सांधा बसला, नवा बूट चढला, त्याचे पट्टे आवळले गेले. दुपार कलत होती. मला गाडीत घालणार इतक्यात केरसुणी घेऊन आलेली आई थबकली. तिच्या हातात ग्रीसचं पाकीट होतं.

"हे भरलेलंच आहे की."

"वापरलं मी," घड्याळकाका म्हणाले. "प्रत्येक गोळीला सुईच्या टोकावर मावेल एवढं. जास्त तेल झालं की घड्याळ मरतं."

मी आतून आक्रोश करत होतो, पण लोखंडाचं ऐकतो कोण? सहा गोळ्यांना सहा टिपके! दोन दिवसांत मी कोरडा पडून पुन्हा कटकटायला लागलो असतो. आईनं चष्मा लावून संचातला कागद उलगडला. "इथं लिहिलंय, अख्खं पाकीट भरा म्हणून."

घड्याळकाकांचा चेहरा पार उतरला आणि हात नकळत खिशाकडे गेले. लेक त्यांच्याजवळ बसली. "राहू द्या बाबा. मी उद्या कुणाची तरी गाडी मागते."

त्यांनी खिशातून हात काढून तिच्यासमोर धरले, तसेच थरथरते.

"चूक यांची नाही झाली. चूक डोक्याची झाली, आणि डोकं मला दुरुस्त करता येतं. दुकान बंद व्हायला अर्धा तास आहे. नवे पट्टे घेऊन ये."

ती जवळजवळ पळतच गेली. तोवर त्यांनी आवळलेले पट्टे कापले, बूट मागे सारला आणि पाकीट पिळायला घेतलं. चाळीस वर्षांची शिस्त मोडताना त्यांच्या जिवावर आलं होतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. पण अंगठ्यानं दाबून दाबून त्यांनी मला गच्च भरलं. कोपरापर्यंत काळे झाले. आई म्हणाली, "अजून थोडं राहिलंय कोपऱ्यात," आणि तेही भरलं. एवढा तृप्त मी जन्मात झालो नव्हतो.

लेकीनं आणलेले पट्टे आवळले गेले आणि संध्याकाळच्या उन्हात मी माझ्या जागी गेलो. गिअरबॉक्समध्ये टोक शिरलं, आतली कडी टक करून बसली. नवा नट आवळला गेला, सांडलेल्या तेलाइतकं तेल पुन्हा भरलं.

"आधी मी एकटा चक्कर मारून येतो," घड्याळकाका म्हणाले. "काही झालं तर तू नको गाडीत."

"मी रुग्णाला गोळी देते तेव्हा तुम्ही आधी खाऊन बघता का? बसा शेजारी." तिनं किल्ली फिरवली. आईही मागच्या सीटवर येऊन बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मालकिणीनं गाडी सरळ घाटाला घातली. पहिलं वळण आलं. तिनं रेडिओ बंद केला आणि स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं. मी फिरलो, वळलो, आणि हूं की चूं केलं नाही. दुसरं वळण, तिसरं, सगळ्यांत अवघड ते चढावरचं सहावं. तिघं कान टवकारून बसली होती आणि ऐकायला काहीच नव्हतं. वर पोचल्यावर घड्याळकाका उतरले, गुडघ्यांवर बसले आणि माझ्याकडे पाहून हसले. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"चहा घ्यायचा का कुठे?" आईनं विचारलं. तिलाही दुसरं काही सुचत नसावं.

"घेऊ. आणि बाबा, उद्या सकाळी सहाला निघतेय मी," मालकीण म्हणाली.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी अजून धडधाकट आहे. गल्लीतल्या निम्म्या गाड्या घड्याळकाकांच्या हाताखालून गेल्या आहेत. माझ्या लांब भावाचा बूटही त्यांनीच बदलला, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. घड्याळांकडे ते परत गेले नाहीत आणि त्याची त्यांना खंतही नाही. त्यांचे हात रिकामे असले की अजून कापतात, पण ते आता उघड्यावर कापतात.

माझं मागणं एवढंच. तुमच्या घरात कुणाचे हात थरथरायला लागले, तर त्यांच्या हातून सगळं काढून घेण्याची घाई करू नका. त्याआधी त्यांना एखादं जड काम देऊन बघा.

निघतो आता. मालकीण आली, वर वस्तीत कुणीतरी आजी वाट पाहतेय.