वस्तीचे सात डोंगे

"हे का डोंगा व्हय? फुंकलं त उडून जाईन," म्हणत आईनं तिसरा डोंगा काउंटरवर आदळला.

देवीलाल शेठ हसला नाही आणि चिडलाही नाही. चाळीस वर्षं दिग्रसच्या बाजारात भांडी विकणाऱ्या माणसाला आदळआपट नवी नसते. "बाई, नवं आता असंच येते. जाड पायजे त जुनं घ्या, मोडीतलं."

"मंग तेच दाखवा ना. अर्ध्या तासापासून कायले पत्रे दाखवून राह्यले?"

या सगळ्या भानगडीचं मूळ मीच. दवाखान्यात नर्स म्हणून कायम झाले, त्या खुशीत डायनिंग टेबल घेतलं. आईनं आठ दिवस त्या टेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, खाली बसून जेवली. नवव्या दिवशी खुर्चीवर बसली आणि समोर कुकर पाहून भडकली. एवढं मोठं टेबल घेतलं आणि वरण-भाजी वाढायला खोलगट डोंगा नाही, लोक काय म्हणतील? म्हणून सोमवारी सुट्टी काढून मी तिला बाजारात आणलं होतं. माझी आई, इंदूबाई, साध्या खरेदीला निघाली तरी भांडायच्या तयारीनंच निघते.

मागच्या खोलीत जुन्या भांड्यांचा ढीग छताला टेकला होता. ती दोन-तीन वर्षंच तशी होती. कापसानं मार दिला की खेड्यातली माणसं आधी पितळ विकत, मग स्टील. गंज, कोपर, ताटं, तांबे. एकेकावर नाव घातलेलं. कुणाला मामानं दिलेलं, कुणाला आत्यानं, कुणाचं पहिल्या बाळाच्या बारशाचं. देवीलाल शेठ हे सगळं वजनावर घेत असे आणि नगावर विकत असे.

कोपऱ्यातल्या खोक्यात कागदाखालून जाड काठ डोकावत होते. आई ढिगाला हात न लावता सरळ तिकडे गेली. कागद बाजूला केला, एक डोंगा उचलला आणि उलटा करून बुडाकडे पाहिलं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. 'सौ. पारबता सखाराम, वस्तीस. सन १९७१.'

"हे कुठून आनले?"

"ते इकले गेले बाई. नागपूरच्या म्याडमनं घेतले, पैसेबी देल्ले. आता गाडी घेऊन येतेत."

"मी काय इचारलं? तुमाले कोनं आनून देल्ले?"

शेठ गल्ल्याकडे गेला आणि एक कागद घेऊन आला. आमच्या वस्तीच्या मंडळाचं लेटरपॅड, सात डोंगे विकल्याचं लिहिलेलं. खाली शिक्का आणि अध्यक्षाची सही. राजदीप. माझ्याबरोबर शाळेत होता. कागद हातात घेतला आणि माझ्या कानशिलातून वाफ निघाली.

हे डोंगे काय होते ते सांगायला हवं, नाहीतर आमचा संताप वेडेपणाचा वाटेल. दिग्रसहून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. गावकीची मोठी भांडी देवळात ठेवलेली असत आणि लग्नाकार्याला सगळ्यांना मिळत. आमची वस्ती सोडून. एका लग्नात व्याही पंगतीला बसले आणि वस्तीकडे वाढायला धड भांडं नव्हतं. घासलेटचा डबा राखेनं घासून त्यातून वरण वाढलं. वाढणारी माझी आई होती, वीस वर्षांची, नवी सून. एका व्याह्यानं वास घेतला आणि ताट सरकवलं. त्या हंगामात सात बायांनी कापूस वेचायच्या मजुरीतून एकेक डोंगा घेतला. याच दुकानातून, या शेठच्या बापाकडून. प्रत्येकीनं नाव घालून घेतलं आणि नावाखाली 'वस्तीस'.

म्हणजे देताना माझा, आणि दिल्यावर माझा नाही. डोंगे विहारामागच्या खोलीत कुलपात. लग्नाला बाहेर काढायचे, घासून परत ठेवायचे. कुणीही, कितीही नड असो, घरी न्यायचा नाही. मी आठ वर्षांची असताना शेवया खायला आईच्याच नावाचा डोंगा गुपचूप घरी आणला होता. आईनं शेवया गाईपुढे ओतल्या, माझ्या पाठीत दोन धपाटे घातले आणि भर दुपारी मला तो डोंगा परत ठेवायला लावला. मी रडत म्हणाले, तुझंच तर नाव आहे त्यावर. "नाव माहं हाय, डोंगा वस्तीचा हाय," असं ती म्हणाली होती. मला तेव्हा काही कळलं नाही, फक्त पाठ दुखली.

किल्ली पस्तीस वर्षं आईच्या कमरेला होती. बाबा गेले, मी तिला दिग्रसला घेऊन आले, तेव्हा तिनं ती राजदीपच्या हातात दिली. शिकलेला पोरगा आहे, म्हणाली.

"लाव त्याले फोन," आई म्हणाली.

मी मोबाइल लावून तिच्या कानाला दिला. राजदीपचा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू येत होता. "काकू, चोरी नाई केली मी. मंडळाचा ठराव झाला. शंभर खुर्च्या आनल्या त्याच्यात. आता पंगत कोन बसवते? बफे असते. अन् लग्न तरी किती राह्यले? दोन वर्षांत तीन. कापसानं सारं बसवलं."

"ठरावावर पारबताची सही हाय का? गयाबाईची हाय?"

"त्या मेंबर नाईत ना काकू."

आईनं मोबाइल माझ्याकडे दिला. बंद कसा करतात ते तिला माहीत नव्हतं, तो तिकडून बोलतच होता. मी राजदीपला दोन शिव्या घातल्या आणि बंद केला. सरकारी नोकरीतल्या बाईच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या, पण मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांनी दिलं त्या मेंबर नाहीत, आणि जो विकतो तो अध्यक्ष!

तेवढ्यात नागपूरच्या बाई आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, बोलणं मऊ. आम्हाला खोक्यापाशी उभ्या पाहून त्यांना आनंदच झाला. "छान आहेत ना? असं जाड स्टील आता मिळतच नाही. दोन वर्षं शोधत होते मी, डायनिंग टेबलसाठी. आणि यांच्यावर तर नावं आहेत! पाहुणे आले की गप्पांना किती सुंदर विषय."

मी म्हणाले, "ही आमच्या वस्तीची भांडी आहेत. चुकून विकली गेली. तुम्ही दिले त्याच्या दुप्पट देते, परत द्या."

"चुकून?" त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठनं कागद पुढे केला. सौदा सरळ होता, शिक्क्यानिशी. मी पोलिसांचं नाव काढलं, तर शेठ उलट मलाच खुर्ची देऊ लागला. बसा म्हणे म्याडम, पाणी घ्या. असल्या माणसांचा मला फार राग येतो. भांडूसुद्धा देत नाहीत.

मग मी त्या बाईंना सगळं सांगितलं. घासलेटचा डबा, व्याही, कापसाची वेचणी, त्या सात नावांतलं आईचं, इंदूबाईचं, नाव. देवळातली भांडी आम्हाला का मिळत नव्हती तेही, त्यांना न विचारता कळेल इतकं स्पष्ट. माझा आवाज चढला होता, बाजारातली दोन माणसं दाराशी थांबली. बाईंचे डोळे भरून आले. खोटे नव्हते, ते मी बघितलं. पण डोळे भरले तरी हात खोक्यावरच होता.

"तुमचं म्हणणं मला समजतं. पण सातचा सेट मला पुन्हा नाही हो मिळणार," त्या म्हणाल्या. मग एकेक डोंगा उलटा करून पाहिला आणि एक बाहेर काढला. "इंदू, म्हणजे तुम्हीच ना मावशी? हा तुम्ही ठेवा. पैसे नकोत मला. सहा मी सांभाळीन, शब्द देते."

आईनं डोंगा दोन्ही हातांनी घेतला. पदरानं पुसला. मला वाटलं, चला, निदान हा तरी. टेबलाच्या मधोमध ठेवू, त्यातून वरण वाढू.

आईनं तो परत खोक्यात ठेवला, बाकीच्या सहांच्या शेजारी. "राहू द्या. वस्तीचा डोंगा घरी नाई नेत आमी."

"अगं माय, घे ना!" मी ओरडलेच. "तूच देल्ला होता. फुकट देऊन राह्यली बाई."

"माहा एकटीचा घेऊन जाऊ? मंग राजदीपच्या नावानं कोन्या तोंडानं बोंबलू?" आणि त्या बाईंकडे वळून म्हणाली, "राखेनं घासा. तारेची घासणी नोका लावू, नावं जातेत."

बाहेर येईपर्यंत मी आईशी भांडत होते. तुझ्या या तत्त्वापायी सातही गेले, आता बस त्या कुकरकडे पाहत, वगैरे. स्टँडजवळ आल्यावर तिनं विचारलं, "आपल्या गावाची गाडी कितीची हाय?"

"आता कायले गावाले? राजदीपले मारतं का?"

"किल्ली माह्याजवळ होती. मलेच सांगा लागन."

मग मीही गाडीत चढले. तिला एकटं पाठवणं शक्य नव्हतं आणि भांडण अर्धवट राहिलं होतं.

पहिलं घर पारबताचं. म्हातारी अंगणात तूर पाखडत होती. आईला पाहून तिनं सूप खाली ठेवलं. "इंदू! बस व माय, चाय मांडतो."

"बसत नाई. आधी आयक," आई म्हणाली. आणि दारात उभी राहून तिनं सांगितलं. डोंगे विकले गेले, राजदीपनं विकले, नागपूरला गेले, मी पाहूनही आणू शकले नाही. एकही शब्द मऊ करून सांगितला नाही.

पारबतानं सूप पायानं बाजूला सारलं. मग जी सुटली! राजदीपवर नाही, आईवर. "तू काहून देल्ली त्याले किल्ली? आमी सात जनी होतो न? एकीच्याबी घरी ठेवता आली नाई तुले? पोरीच्या घरी पंख्याखाली बसाले गेली, अन् वस्ती वाऱ्यावर सोडली!"

माझा तोल गेला. "मावशी, आईची काय चूक? ज्यानं इकले त्याले बोला."

"तू चूप बस, रुपाली," आई म्हणाली. "तिले बोलू दे."

पारबतानं पोटभर बोलून घेतलं. चहा मांडला नाही. आई तिथून गयाबाईकडे गेली. गयाबाई शिव्या न देता रडली, ते जास्त वाईट होतं. अंजना वारली होती, तर आईनं तिच्या सुनेला सांगितलं. त्या सुनेनं ते डोंगे कधी पाहिलेही नव्हते. तरी आईनं तिला सुरुवातीपासून सगळं सांगितलं, ती मोबाइलशी चाळा करत होती तरी. कुणाकडे पाणी प्याली नाही, कुणाच्या ओट्यावर टेकली नाही. राजदीपच्या दारावरून गेलो, बाहेर नव्या लाल खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. तिथं मात्र थांबली नाही.

सहा घरं झाली तेव्हा ऊन कललं होतं. माझे पाय दुखत होते, तिचे तर दुखतच असणार. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी घाई करत होते, पण ती गल्लीच्या टोकाशी वळली.

सातवं घर आमचंच. दोन वर्षं बंद, कडीला कुलूप, उंबऱ्यावर पाला साचलेला. मला वाटलं, आता तरी टेकेल थोडी. पण आई तशीच दारासमोर उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन, इतर सहा दारांपुढे राहिली होती तितकाच वेळ.

"चाल," मग ती म्हणाली, "झालं सांगून."