शकुनाचा बोल्ट

ड्वेन स्टॅडलर हा अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या 'सिल्व्हर फेझंट' कसिनोतला सगळ्यात लाडका पोकर डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, होता. ही गोष्ट अख्ख्या रीनोत एकाच माणसाला माहीत होती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः ड्वेन स्टॅडलर.

पण तो उगाच म्हणत नव्हता हं, त्याच्याकडे पुरावे होते. पहिला पुरावा म्हणजे शकुनाच्या वस्तू. ड्वेन पानं वाटायला खुर्चीत बसला रे बसला की टेबलाभोवती लगबग सुरू व्हायची. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले ऑर्व्हिल टिबेट्स जॅकेटच्या खिशातून मुठीएवढा गंजका बोल्ट काढायचे आणि आपल्या दोन पालथ्या पानांवर ठेवून द्यायचे. फुजिमोटोबाई जन्मभर लोकांचे दात उपटत आल्या होत्या. त्यांच्या पर्समधून प्लास्टरचा जबडा निघायचा. कुणाचं पितळी कासव, कुणाच्या नातवाचा खेळण्यातला ट्रक. दोन मिनिटांत टेबलाचं भंगारवाल्याचं दुकान होऊन जायचं. आणि कोरा नावाची दुसरी डीलर वाटायला बसली की हीच माणसं पानांवर काहीही न ठेवता खुशाल खुर्चीत रेलायची. बोल्ट खिशात, जबडा पर्समध्ये. ड्वेनने याचा सरळ अर्थ काढला होता: जिथे नशीब उघडतं तिथेच लोक शकुन बघतात. बिचाऱ्या कोराकडे कोण कशाला बघेल?

दुसरा पुरावा म्हणजे गप्पा. कोराच्या टेबलावर पानांची सळसळ आणि तिचा हळू आवाज एवढंच ऐकू यायचं. कुणी बोली वाढवली, आता पाळी कुणाची, बस्स. ड्वेनच्या टेबलावर मात्र पिरॅमिड लेकमध्ये त्याने पकडलेला ट्राउट पोहत असायचा. दर आठवड्याला तो मासा वीतभर वाढे. गोष्ट ऐन रंगात आली की ड्वेन मध्येच थांबून विचारी, "कुठे होतो आपण? कुणाची पाळी?" मग कुणी म्हणे ऑर्व्हिलची, कुणी म्हणे नाही, फुजिमोटोबाईंची, आणि चांगली पाचेक मिनिटं वाद चाले. ड्वेनला वाटे, वा, माझ्या टेबलावर सगळे कसे भाग घेतात.

तिसरा पुरावा सगळ्यात पक्का. दर अर्ध्या तासाने डीलर बदलतो. नवा येऊन जुन्याच्या खांद्यावर टिचकी मारतो, मग जुना टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवतो, की बघा बाबा, हातात काही लपवलेलं नाही. बाकीचे डीलर हे असं उरकतात जसं कुणी भांडी घासून हात झटकावे. ड्वेन मात्र नाटक संपल्यावर नट वाकतो तसा वाकायचा. आणि त्याच क्षणी चारी बाजूंनी त्याच्याकडे बक्षिसाच्या चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी चालणाऱ्या चकत्या, सरकायच्या. इतर डीलरांना बक्षीस मिळतं ते कुणी मोठा डाव जिंकला तर. ड्वेनला मिळायचं ते उठताना. एवढं प्रेम बघून त्याचे डोळे कधीकधी खरंच पाणवत.

असा हा लाडका माणूस आता फ्लोअर व्हायचं म्हणत होता. फ्लोअर म्हणजे जो स्वतः पानाला हात लावत नाही, कोट घालून हिंडतो, आणि टेबलावर तंटा झाला की डीलर "फ्लोअर!" अशी हाक मारतो तेव्हा येऊन निवाडा देतो. म्हातारा हार्व्ही नोकरी सोडून लेकीकडे ॲरिझोनाला गेला आणि त्याचा राखाडी कोट ग्लेंडाबाईंच्या कपाटात लटकत राहिला. ग्लेंडा मार्केटी म्हणजे पोकरच्या दालनाच्या मुख्य. ड्वेन रोज काही ना काही निमित्त काढून त्या कपाटावरून एक चक्कर मारी.

त्याला तो कोट का हवा होता हे सांगितलं तर हसाल. त्याच्या आईच्या घरात दारातून आत शिरलं की भिंतीवर फोटो आहेत. वडील फ्लोअरच्या कोटात, याच शहरातल्या दुसऱ्या कसिनोतले. धाकटा भाऊ अग्निशमन दलाच्या टोपीत. आणि त्यांच्या मधोमध ड्वेन, शाळेच्या नाटकातला भोपळा. बेचाळिशीला टेकला तरी भोपळाच. दर वर्षी सणाला सगळे पाहुणे त्या भोपळ्यासमोर टोप्या-कोट काढत, आणि ड्वेन स्वयंपाकघरात जाऊन उगाचच टर्की ओव्हनमध्ये भाजतेय की नाही ते बघत बसे.

शेवटी शनिवारी ग्लेंडाबाईंनी कोट त्याच्या हातात दिला. एक दिवस घालून बघ, जमलं तर तुझा. बाह्या जरा आखूड होत्या, पण ड्वेनला त्या राजाच्या झग्यासारख्या वाटल्या. जाता जाता बाई दारात थांबल्या.

"एकच सांगते. कुणी डीलर आला नाही, टेबल बंद पडलं, छत कोसळलं, तरी आज पानाला हात लावायचा नाही. मला हाक मार."

ड्वेनने विचारलं, असं का? बाईंनी छताकडे बघून, आठवल्यासारखं करत, "फ्लोअरने फ्लोअरचं काम करावं," एवढंच म्हटलं. ड्वेनला लगेच उमगलं. आपण वाटायला बसलो तर लोक पुन्हा आपल्याला सोडायचे नाहीत, ही भीती होती त्यांना.

सकाळ फार सुंदर गेली. ड्वेन हात मागे बांधून टेबलामागे उभा राहिला आणि, त्या दिवशी डीलर कमी असल्याने, एकटी कोराच पानं वाटत राहिली. तंटा नाही, हाक नाही, काही नाही. कोरा असताना तसंही काही होत नसे, पण ड्वेनला वाटलं, हा आपल्या नुसत्या उभं राहण्याचा दरारा. मध्ये एकदा त्याने तिला सांगूनही टाकलं की जरा गप्पा मार, लोकांना रिझव, बघ, कुणी शकुनाची वस्तूसुद्धा काढलेली नाही तुझ्यासाठी. "बरं साहेब," कोरा म्हणाली. 'साहेब' असं काही लांबवलं तिने की ऑर्व्हिलना ठसका लागला.

दुपारच्या सुमारास बॉइझी गावाहून आलेले एक टायरवाले येऊन बसले. गॉर्डन लेफ्लर नाव. चुलतबहिणीच्या लग्नाला आले होते आणि लग्नाला कंटाळले होते. त्यांना मिळाली पहिली जागा, म्हणजे डीलरच्या डाव्या कोपराला अगदी चिकटून.

आणि नेमका तेव्हाच लायलचा फोन आला. लायल पुढचा डीलर. डॉनर खिंडीत बर्फ पडलंय, गाड्यांची रांग लागलीय, मी अडकलोय. कोराची तर जेवणाची वेळ टळून गेली होती. "ग्लेंडाला बोलव," असं ड्वेनला बजावून, टाळी वाजवून, तळवे दाखवून ती उठली. ग्लेंडाबाई वर मीटिंगमध्ये होत्या. निरोप आला, येतेच आहे.

"थांबू की आम्ही," ऑर्व्हिल घाईघाईने म्हणाले. "कॉफी पिऊ. कुठे गाडी चुकतेय आमची?"

फुजिमोटोबाईंना तर पाय मोकळे करायचेच होते म्हणे. कासववाल्यांना अचानक बायकोला फोन करायची आठवण झाली. ड्वेनने सगळ्यांकडे कौतुकाने पाहिलं. आपल्या मोठ्या दिवशी आपल्याला त्रास नको म्हणून ही माणसं खेळ सोडायला तयार झाली! अशा माणसांना ताटकळत ठेवायचं? त्याने कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि बसला.

टेबलाभोवती चेन उघडल्याचे आवाज झाले. बोल्ट आला. जबडा आला. कासव आलं, ट्रक आला.

"हे काय चाललंय?" टायरवाल्यांनी विचारलं.

"हे बघा, पानांवर काहीतरी..." फुजिमोटोबाई सांगू लागल्या, पण ड्वेनने त्यांना मध्येच थांबवलं. शकुन हो, म्हणाला, मी बसलो की काढतात सगळे, इथली पद्धतच आहे.

"तुम्हीपण ठेवा काहीतरी," ऑर्व्हिल टायरवाल्यांना म्हणाले. "किल्ली ठेवा. घड्याळ ठेवा. चपलेचा जोड ठेवला तरी चालेल."

"मी असल्या गोष्टी मानत नाही," टायरवाले म्हणाले, आणि हाताची घडी घालून मागे रेलले.

डाव सुरू झाला आणि त्याबरोबर ट्राउटही. एकेकाने डाव सोडून पानं टाकली. शेवटी ऑर्व्हिल आणि टायरवाले एवढेच उरले. टायरवाल्यांनी चिप्सची चळतच्या चळत पुढे ढकलली. ऑर्व्हिल गाल खाजवत विचार करू लागले. इकडे मासा गळाला लागून पाण्याबाहेर आला होता. "एवढा," ड्वेन म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पसरले, "एवढा मोठा!" टाकून दिलेली पानं गोळा करायची म्हणून पसरलेले हात त्याने तसेच आत ओढले. डाव्या हाताने येताना टायरवाल्यांची पानंही सोबत आणली आणि ढिगाऱ्यात मिसळून टाकली. अगदी सफाईने. तेवढं एकच काम तो सफाईने करायचा.

टायरवाल्यांनी आपल्यासमोरच्या हिरव्या कापडाकडे बघितलं.

"माझी पानं कुठायत?"

"कुठली पानं?"

"जी इथे होती. राजाची जोडी होती माझी, मधल्या सगळ्यांच्या उघड्या पानांत तिसरा राजा पडलाय."

ड्वेनने ढिगाऱ्याकडे पाहिलं. ढिगाऱ्यात सगळी पानं सारखीच दिसत होती. मग डीलर अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं: हात वर करून खणखणीत हाक दिली, "फ्लोअर!"

कुणी आलं नाही. त्याने मान उंच करून आणखी मोठ्याने हाक मारली. अख्खं दालन वळून त्याच्याकडे बघू लागलं.

"बाळा," फुजिमोटोबाई हळूच म्हणाल्या, "फ्लोअर तूच आहेस ना आज."

ड्वेन उठला. सवयीने टाळी वाजवली, तळवे दाखवले. कोट चढवला, टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभा राहिला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "काय झालं इथे?"

"खुर्ची म्हणतेय, चूक झाली," ऑर्व्हिल म्हणाले.

आता गंमत अशी की नियम ड्वेनला पाठ होता. वडिलांकडून लहानपणापासून ऐकलेला. त्याने तो सांगितलाही अगदी वडिलांच्या आवाजात: ढिगाऱ्यात गेलेली पानं मेली. शेवटी ढकललेल्या चिप्स तुम्ही परत घ्या, कारण ऑर्व्हिलनी त्यांची बरोबरी केली नव्हती; मधला पैसा ऑर्व्हिलचा. आपली पानं राखायची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची.

"राखायची म्हणजे कशी?"

"वर काहीतरी ठेवायचं. साधी गोष्ट आहे. सगळे ठेवतात, हे बघा ना..." ड्वेनचं बोट टेबलावरून फिरू लागलं. बोल्ट. जबडा. कासव. ट्रकपाशी येऊन ते बोट थांबलं.

"पण तुम्हीच तर म्हणालात शकुन आहे," टायरवाले म्हणाले. "मग हे लोक पानं राखतात तरी कुणापासून?"

ट्रकवाल्याने आपला ट्रक उगाच जरा सरळ केला. कोरा सँडविच हातात घेऊन दाराशी उभी होती. ड्वेनने तिच्याकडे बघितलं तेव्हा ती सँडविचमधल्या लेट्यूसचं निरीक्षण करू लागली.

"कोरा बसते तेव्हा का नाही काढत हे सगळं?" त्याने विचारलं. आवाज आता वडिलांचा नव्हता, भोपळ्याचा होता.

"गरज पडत नाही, पोरा," ऑर्व्हिल म्हणाले.

"आणि मी उठताना बक्षीस देता ते?"

"ते मात्र," फुजिमोटोबाई म्हणाल्या, "अगदी मनापासून देतो."

तेवढ्यात ग्लेंडाबाई आल्या. टायरवाल्यांनी सगळं सांगितलं, आणि इतकं बारकाईने सांगितलं की मासासुद्धा सुटला नाही. बाईंनी ऐकून घेतलं. निवाडा बरोबर आहे, म्हणाल्या, तो बदलणार नाही. पण आजचं जेवण आमच्याकडून. मग ड्वेनकडे वळल्या. "मी काय सांगितलं होतं सकाळी?"

ड्वेन कोटाची बटणं काढायला लागला. त्याच्या डोळ्यांसमोर आईची भिंत होती.

"ग्लेंडा, ऐक," ऑर्व्हिल खुर्चीतून अर्धे उठले. "कोट राहू दे त्याच्याकडे."

"काय?"

"कोट असला की त्याचे हात पाठीमागे असतात. सकाळपासून बघ की, एक भांडण नाही. कोट काढलास तर उद्या तो पुन्हा इथे बसेल." त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. फुजिमोटोबाईंनी होकारार्थी मान हलवली. कासववाल्यांनी, ट्रकवाल्याने, सगळ्यांनी मान हलवली. तिकडे दाराशी कोराचीही हलली. इतकं एकमत त्या दालनात पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि झालं ते ड्वेनच्या बढतीसाठी.

बाईंनी क्षणभर विचार केला. जो काम बिघडवतो त्याला कामावर देखरेख करायला बसवायचं, ही रीत काही त्यांनी नव्याने शोधलेली नव्हती. वरच्या मजल्यावरची मीटिंग सगळी अशाच माणसांची तर होती.

"कोट तुझा," त्या म्हणाल्या. "पानाला बोट लागलं तर कोटासकट बाहेर."

ड्वेनने बटणं परत लावली. हवं ते मिळालं होतं. पण ऐन वाढदिवशी केकऐवजी कुणी औषध भरवावं तसं मिळालं होतं. कोराने दाराबाहेर मोबाईलवर त्याचा फोटो काढला. हसा साहेब, म्हणाली, आणि या वेळी 'साहेब' लांबवलं नाही. पुढे आईने भिंतीवरचा भोपळा उतरवला आणि तो फोटो लावला. आखूड बाह्या त्यात दिसत नाहीत, कारण हात मागे आहेत.

त्या दुपारी फोटो काढून झाल्यावर कोरा खुर्चीत येऊन बसली. बोल्ट खिशात गेला, जबडा पर्समध्ये. टायरवाल्यांनी मात्र तोवर गाडीची किल्ली काढून पानांवर ठेवली होती आणि ती काढायला ते काही केल्या तयार होईनात. थोड्या वेळाने ड्वेन टेबलाजवळून निघाला, तशी ऑर्व्हिलची मान न वळताच त्यांचा हात खिशाकडे गेला.

"सहज चाललोय," ड्वेन म्हणाला.

"चाल, चाल. पण जरा लांबून."

ड्वेनने दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, आणि तो टेबलाला मोठा वळसा घालून गेला.