बिननावाचा गुलाब

"अगं, साल उचलायची आहे, बटाटा सोलायचा नाहीये!" हे खुर्चीतून ओरडले.

"मग या इकडे आणि करा तुम्हीच," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

ते उठले नाहीत. उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली घेऊन मांडीवर दाबून धरला. तरी तो थरथरत राहिला. दीड वर्षापूर्वी चहाच्या कपापासून याची सुरुवात झाली. आता शर्टाची बटणं मी लावते. औषधानं वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे शेंडेमर." डॉक्टरांना काही कळलं नाही. तो गुलाबाचा रोग आहे; फांदी शेंड्याकडून काळी पडत पडत खाली येते.

यांनी तीस वर्षं शहराची मोठी बाग सांभाळली. अधीक्षक होते, पण खुर्चीत कमी आणि वाफ्यात जास्त. लोकांना झाडांशी बोलावंसं वाटतं, त्यांना गाणी ऐकवावीशी वाटतात. हे म्हणायचे, "गप्पा मारायला शेजारी आहेत, झाडाला खत घाला." रोगट फांदी दिसली की कापायची, मेलेलं रोप उपटायचं, खड्ड्यातली माती बदलून दुसरं लावायचं. त्यात रडारड नाही. आणि तरी एखादी कळी मनासारखी उमलली की हा माणूस शीळ घालत घरी यायचा, बुटांचा चिखल घेऊन थेट स्वयंपाकघरात. मला झाडांचा राग कधीच नव्हता, चिखलाचा होता.

मागच्या अंगणात यांचा एक गुलाब होता. स्वतः बी पेरून वाढवलेला, पिवळसर, कडेला किंचित जांभळा. बियांमधून येणारं प्रत्येक रोप वेगळं निघतं, त्यामुळे असा गुलाब दुसरीकडे कुठेच नव्हता. वाढवायचा तर त्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, काढून रानगुलाबाच्या खुंटाच्या सालीत भरावा लागतो. यांनी त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं, कुणाला काडी दिली नव्हती. "अजून दोन वर्षं बघू, टिकतो का," असं करत आठ वर्षं गेली. याचेच डोळे भरून शहराच्या बागेत लावलेली चार झाडं हे निवृत्त झाल्यावर फरसबंदीखाली गेली. उरलेल्या या एकाला आता शेंडेमर लागला होता.

"त्या नर्सरीवाल्याला बोलवा की," मी सुचवलं होतं. तो यांच्याच हाताखाली शिकलेला. "दहा मिनिटांत भरेल डोळे."

"तो गुलाब बघायला नाही येणार. माझे हात बघायला येईल."

"काहीतरीच तुमचं."

"तू भर. मी सांगतो."

म्हणून साठी उलटल्यावर मी चाकू घेऊन दहा कुंड्यांसमोर बसले होते. प्रत्येक कुंडीत एक खुंट.

पहिली काडी कापली तेव्हा त्यांनी ती मागून घेतली. कापलेली बाजू डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली.

"बरी आहे ना?"

"भर," ते म्हणाले. "खुंटावर आधी आडवा काप घे. आता मधून खाली उभा. सालीचे दोन्ही पदर उचल, शर्टाची कॉलर उचलतो तसे. डोळ्याला बोट लावू नकोस, देठाला धर. पान कापून देठ ठेवलाय तो त्यासाठीच."

"चाकूच बोथट आहे हो."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"आणि तुम्ही बसा उंटावरून शेळ्या हाकत."

हे हसले. किती दिवसांनी! खुर्चीत ताठ बसले होते, आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला होता. एकेक डोळा सालीत सरकवत, वरून पट्टी गुंडाळत मी दहाही खुंट संपवले. कंबर धरली, पण मन हलकं झालं होतं.

पुढचे दिवस मला वेडच लागलं म्हणायचं. तोंड धुण्याआधी मी अंगणात. लेकीचा फोन आला तर "ठेव गं आता, खुंटांवर ऊन आलंय," म्हणून मोकळी. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी त्या खुंटांशी बोललेसुद्धा. हे मात्र कुंड्यांकडे फिरकत नव्हते.

अठराव्या दिवशी मी अंगणातून हाक मारली. "अहो, लवकर या! दहाच्या दहा देठ घट्ट आहेत! बोटानं हलवले तरी सुटत नाहीत!"

ते भिंतीला धरून बाहेर आले. "सगळे?"

"सगळे!"

"बस जरा."

मी बसले.

"डोळा लागला की त्याला देठ नको होतो," ते म्हणाले. "नुसतं बोट लावलं तरी गळून पडतो. डोळा मेला की देठ तिथेच वाळतो आणि चिकटून राहतो."

मला आधी समजलंच नाही. मग मी पट्ट्या सोडल्या. आतले डोळे काळे होते. एकही हिरवा नव्हता.

त्यांनी वाकून एकेक खुंट पाहिला. "काप सरळ आलेत. हात चांगला आहे तुझा."

"मग लागले का नाहीत?"

"काडीचा गाभा तपकिरी होता. आतून गेलेली होती."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच काडीला."

माझा पारा चढला. "मग 'भर' का म्हणालात? अठरा दिवस नाचवलंत मला!"

"वाटलं, एखादा लागेल."

एखाद्या माळ्यानं असं उत्तर दिलं असतं तर यांनी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं असतं. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नव्हता. गुलाबापेक्षा मला यांचंच जास्त वाईट वाटलं. मूळ झाड तर तोवर बुंध्यापर्यंत काळं पडलं होतं. आता त्यातून घेण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

ते नळापाशी गेले. काम झालं की हात धुवायचे, ही आयुष्यभराची सवय. दोन्ही हात त्यांनी पाण्याखाली धरले. हातांना माती लागलेली नव्हती, काम सगळं मीच केलं होतं. तरी मी साबण घेतला आणि ते हात धुतले, एकेक बोट, नखांच्या कडा, तळव्यांवरचे जुने घट्टे. मी धरून होते तोवर ते थरथरत नव्हते. नळ बंद केला. टॉवेल आत राहिला होता, तो आणायला मला हात सोडावे लागले.